गव्हातली गाठ

आमच्या विल्फला, माझ्या नवऱ्याला, कोणी खोटारडा म्हटलं की माझं डोकं फिरतं. तो हट्टी आहे, घोरतो, पण खोटं बोलत नाही. सात उन्हाळे त्यानं इंग्लंडातल्या आमच्या विल्टशर भागात रात्री गुपचूप शेतात शिरून, फळी आणि दोरानं उभा गहू आडवा करत मोठाली वर्तुळं काढली. ती कोणी काढली म्हणून लोक परग्रहावरचे पाहुणे शोधत बसले. मग झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि विल्फनं पबमध्ये सगळं कबूल करून टाकलं. कोणी विश्वास ठेवला नाही, सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं हसले ते वर्तुळांवर पुस्तकं लिहिणारे पेलम साहेब.

"मधोमध काडांची हातभर गाठ असते ना," ते म्हणाले, "ती माणसाच्या हातची नाहीच!"

त्यानंतर विल्फ पबची पायरी चढला नाही. ते मला सहन होईना.

पबच्या मागेच टकर नावाच्या शेतकऱ्याचं शेत. वर्तुळ माणसाच्या हातानं होतं हे दाखवायला त्याच्याकडून एक कोपरा मागून घेतला आणि शनिवारी भर दिवसा, विल्फचे बूट घालून, फळी पायाखाली धरून गव्हात उतरले. कुंपणाला टेकून पेलम बघत होते.

"एनिडबाई, कंबर मोडेल हो!"

"माझ्या कंबरेची काळजी मी करीन. तुम्ही डोळे उघडे ठेवा."

दोन तासांत वर्तुळ झालं. एका बाजूला जरा फुगलेलं, पण झालं.

"छान! आणि गाठ?"

गाठ मला जमेना. तीनदा काडं तुटली. विल्फ आयुष्यभर काडाची छपरं शाकारायचा आणि काम संपलं की आढ्यावर तीच गाठ मारायचा, त्याची खूण म्हणून. चाळीस वर्षं पाहिली, शिकले मात्र नाही. रागानं रडू फुटलं.

तेवढ्यात काठी टेकत विल्फच आला.

"सरक बाजूला. पार भुसा केलास गव्हाचा."

तो खाली बसला. काडं गुडघ्याखाली दाबली, टोकं दातांत धरली आणि एकट्या डाव्या हातानं वळत राहिला. बराच वेळ लागला. या वेळी पेलम हसले नाहीत.

पेलम गाठीजवळ वाकले. मग मान वर करून त्यांनी पबच्या आढ्याकडे पाहिलं. तिथं तीच गाठ होती. त्या छपराखाली बसून ते सात वर्षं बिअर पीत होते.

त्यांनी विल्फसमोर टोपी काढली. "मिस्टर पोकॉक, चुकलो मी."

विल्फनं कपड्यांवरची काडं झटकली.

"एनिड, वर्तुळ वाकडं झालंय तुझं," तो म्हणाला. "चल, पबमध्ये जाऊ. तहान लागलीय."