साठच्या खाली

पुस्तकाच्या बांधणीसाठी खळ फासलेल्या पुठ्ठ्यावर कापड ओढताना नानांना पुन्हा ते पत्र आठवलं. येऊन अकरा दिवस झाले होते. उत्तर गेलं नव्हतं. फोन नाना दोन वाक्यांत ठेवून देतात, म्हणून मुलीने कागदावरच लिहिलं होतं:

'बाबा, पेसमेकर तुमचे ठोके साठच्या खाली जाऊ देत नाही. तुमच्या घड्याळातून माझ्या मोबाइलवर मात्र पंचेचाळीस दिसतात. म्हणून तुम्हाला तपासणीला पाठवलं, तर यंत्र ठणठणीत निघालं. मग घड्याळ कुणाच्या हातात आहे?'

एकटं राहायचं तर घड्याळ काढायचं नाही, नाहीतर दुकान बंद करून माझ्याकडे यायचं, अशी तिची अट होती. नानांनी मान डोलावली होती. पण त्या घड्याळावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ते पेसमेकरपासून वीतभर लांब ठेवा, छातीवर नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि शस्त्रक्रियेपासून नानांना झोपेत हात छातीवर ठेवायची खोड लागली होती. शिवाय आपण कधी उठतो, कधी बसतो, हे लेकीला कळावं, हेही त्यांना पटत नव्हतं. तिसऱ्याच दिवशी त्यांनी ते शेजारच्या दुकानातल्या शिंप्याच्या, मास्तरांच्या मनगटावर बांधलं. काळीज कुणाचंही असो, धडधडल्याशी कारण.

पुठ्ठा दाबाखाली सरकवून ते शेजारी गेले. मास्तर कोटाची बाही कापत होते. कात्री मध्येच थांबली. मास्तरांनी टेबलाची कड धरली आणि हळूच स्टुलावर टेकले.

"काय झालं?"

"काही नाही. पाय आखडला."

"कालही आखडला होता."

"मग काय, रोज नवीन रोग आणू तुझ्यासाठी?"

नानांनी त्यांचा हात ओढून घड्याळ पाहिलं. एकोणचाळीस.

"खोटारडं आहे ते," मास्तर म्हणाले. "तूच म्हणाला होतास."

 नानांनी पट्टा सोडवला आणि तीन महिन्यांत पहिल्यांदाच घड्याळ स्वतःच्या मनगटावर बांधलं. हात छातीपासून लांब, परका असल्यासारखा धरला. हिरवा उजेड लुकलुकला. एकसष्ट. पुन्हा एकसष्ट. त्यांनी ते परत मास्तरांना बांधलं. आकडा आधी अडखळला, मग उतरला. अडतीस.

"कधीपासून चक्कर येते?"

"चक्कर कोण म्हणालं?" मास्तरांनी बाहीची घडी विनाकारण उलगडली. "गिऱ्हाइकाला कळलं तर कापड कोण देईल माझ्या हातात? आणि पुस्तकवाल्या, डॉक्टर विचारणारच, आकडे कुठून मिळाले. लेकीकडूनच मागवावे लागतील. तुझंच बिंग फुटेल."

"हो."

"दुकान जाईल तुझं."

"हो म्हटलं ना."

नानांनी बाहीसकट कापड मास्तरांच्या हातातून काढून घेतलं. मास्तरांनी ते सोडलं, तेव्हा नानांना खरी भीती वाटली. एरवी मास्तर कुणाला कापडाला हात लावू देत नसत.

टॅक्सी येईपर्यंत नानांनी बिलाच्या वहीतलं एक पान फाडलं. आधी लिहिलं, 'तुझा गैरसमज झाला आहे'. ते खोडलं. मग लिहिलं, 'घड्याळाचं असं झालं की'. तेही खोडलं. पान बरंच काळं झाल्यावर खाली उरलेल्या जागेत त्यांनी भराभर चार ओळी लिहिल्या आणि पान दुकानातल्या पाकिटात घालून ते चिकटवलं.

दवाखान्याच्या अलीकडे, कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी त्यांनी टॅक्सी थांबवली.

"फोन कर की सरळ!" मास्तर काचेतून ओरडले. त्यांचा चेहरा कागदासारखा झाला होता. "मीटर माझ्या नाडीपेक्षा जोरात पळतंय!"

"फोनही करतो. आकडे मागतो. पण फोनवर मला सगळं बोलता येत नाही."

नानांनी पाकीट पेटीच्या फटीत धरलं. आतल्या चार ओळी त्यांना तोंडपाठ होत्या:

'घड्याळ मास्तरांच्या हातात आहे. तू नीट पाहत होतीस. त्यांना बरं वाटेपर्यंत इथेच राहतो. मग तू म्हणशील तेव्हा येतो.'

त्यांनी पाकीट सोडलं आणि ते टॅक्सीकडे वळले.