गुडघ्यावरची मूठ

बाईंना टाइमआउट मोजता येत नव्हते. बत्तीस वर्षं कॉलेजच्या मुलींचा बास्केटबॉल संघ घडवला, ऑफिसबाहेरचं कपाट चषकांनी भरलं, पण ऐन सामन्यात किती टाइमआउट उरलेत हे बघायला त्या माझ्या गुडघ्याकडे वळायच्या. मी त्यांची सहायक, डावीकडच्या पहिल्या खुर्चीवर. उजवा हात गुडघ्यावर, जितके टाइमआउट शिल्लक तितकी बोटं उघडी. काहीच उरलं नाही की मूठ. आमच्या स्पर्धेत नसलेला टाइमआउट मागितला तर समोरच्या संघाला दोन फ्री थ्रो मिळतात आणि वर चेंडूही त्यांच्याच हातात जातो. म्हणून त्या मुठीला फार किंमत.

"मी खेळ बघते, तू मोज," बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "आणि बाहेर बोलू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

आधी चार वर्षं त्यांच्या हाताखाली खेळले, मग अठरा वर्षं त्या खुर्चीवर बसले. घरी नवरा म्हणायचा, "तुझं लग्न बाईंशी झालंय, मी आपला राखीव खेळाडू." तो चेष्टेत म्हणायचा, पण मुलाच्या शाळेतल्या कार्यक्रमांना दर वेळी तोच जायचा. बाईंनी तर लग्नच केलं नाही. विचारलं तर म्हणायच्या, "सराव सकाळी सहाला असतो, मला उठवणार कोण आणि झोपू देणार कोण?"

गेल्या वर्षी हंगाम संपला आणि प्राचार्यांनी मला बोलावलं. चहा मागवला. सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. मग ते म्हणाले, "बाईंचं लक्ष पूर्वीसारखं राहिलंय का हो? तुम्ही तर जवळून बघता."

मी काहीच बोलले नसते तरी चाललं असतं. मी म्हणाले, "अहो सर, त्यांना टाइमआउटसुद्धा मोजता येत नाहीत. मीच मोजते ना."

दोघंही हसलो. मी हसत हसत बोलले, हे खरं. पण मला ती जागा हवी होती, हेही तितकंच खरं. उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू? चव्वेचाळीस वर्षांची झाले होते, आणि मुलींच्या फोटोत दर वर्षी कडेला उभी होते.

तीन आठवड्यांत बाईंच्या हातात पत्र पडलं. त्यांनी आपलं सामानाचं कपाट रिकामं केलं तेव्हा मी तिथेच होते. दोन शिट्ट्या, एक नीकॅप, चिकटपट्टीची अर्धी गुंडाळी, दुखण्यावरचा स्प्रे. एवढं पिशवीत टाकलं आणि डावपेच काढायचा पांढरा बोर्ड माझ्याकडे दिला. "मार्कर सुकलाय, नवा घे," म्हणाल्या. बस. नंतर त्यांनी फोन केला नाही आणि मीही नाही. कुठल्या तोंडाने करणार होते?

मला एक वर्षासाठी नेमलं. संघ उपांत्य फेरीत गेला तर पुढचा विचार करू, असं प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं. माझ्या मदतीला एक नवी सहायक दिली. पोरगी हुशार. मांडीवर टॅबलेट ठेवून कोणती मुलगी कुठून किती वेळा चुकते ते चुटकीसरशी सांगायची. तिला बोटं धरायला मी कधीच सांगितलं नाही. अठरा वर्षं मोजत आलेली बाई मी, मला कोण मोजून दाखवणार? असा माझा तोरा.

बाई मात्र प्रत्येक सामन्याला यायच्या. आमच्या बाकासमोरच्या गॅलरीत, तिसऱ्या रांगेत, कठड्याला टेकून. त्यांची नेहमीची पांढरी टोपी पहिल्या सामन्यातच माझ्या नजरेला पडली. माझी फजिती बघायला आल्या, दुसरं काय? त्या दिवसापासून मी त्या बाजूला मान वर केली नाही. मैदान बघायचे, घड्याळ बघायचे, पंच बघायचे. तिसरी रांग सोडून सगळं बघायचे.

उपांत्यपूर्व सामना दुपारी तीनला होता. हॉलमध्ये रबराचा आणि घामाचा वास. शेवटची नऊ सेकंदं उरली तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो. चेंडू मुंगीकडे होता. मुंगी म्हणजे आमची कर्णधार, संघात सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांत बोलकी. शेवटचं वर्ष तिचं. सगळ्या पोरी मला आता मॅडम म्हणायला लागल्या होत्या, ही मात्र अजून ताईच म्हणायची. समोरच्या दोघींनी तिला कोपऱ्यात दाबलं. तिने चेंडू छातीशी धरला, एका पायावर गिरकी घेतली. मला एवढंच दिसलं की ही आता चेंडू घालवणार.

मी डावीकडे वळून बघितलं. बाई वळायच्या तसंच. पण डावीकडच्या खुर्चीवर बोटं नव्हती, टॅबलेट होता. डावीकडची मी आता उभी होते ना! एक आहे, एक नक्की आहे, असं मनाशी म्हणाले आणि जीव खाऊन ओरडले, "टाइमआउट!"

शिट्टी वाजली. पंचाने गुणलेखकांच्या टेबलाकडे बघितलं. तिथल्या गुणलेखक बाईंनी वहीवरून बोट फिरवलं आणि नकारार्थी मान हलवली. त्या क्षणी मला कळलं, एकही उरला नव्हता.

दोन्ही फ्री थ्रो आत गेले. चेंडू त्यांचा. आम्ही फाउल केला, तेही दोन आत. तीन गुणांनी हरलो. मुंगी माझ्यासमोर आली. "ताई, बास्केटखाली शिडी मोकळी होती. मला दिसली होती. मी देणारच होते." शिडी ही आमची उंच पोर, टॉवेलात तोंड घालून खाली बसली होती. मुंगी आत निघून गेली. नवी सहायक दाराशी फोनवर बोलत होती, "हो सर... नाही सर, त्यांनी मोजलेच नव्हते." खोटं काय होतं त्यात?

मी टेबलाशी सही करायला गेले. गुणलेखक बाई पेनचं टोपण शोधता शोधता म्हणाल्या, "तुम्हाला वरून खुणावत होत्या ना त्या टोपीवाल्या. आधी गुडघ्यावर मूठ, मग तर उभ्या राहून दाखवत होत्या. आम्हाला वाटलं तुमच्याच संघाच्या."

मी मान वर केली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. गॅलरी रिकामी झाली होती. तिसऱ्या रांगेत कठड्याशी बाई बसल्या होत्या, आणि उजव्या हाताची मूठ गुडघ्यावर तशीच होती. माझ्या जुन्या खुर्चीवर मी ठेवायचे, अगदी तशी.

पायऱ्या चढून गेले. शेजारी बसायचा धीर होईना, खालच्या पायरीवर बसले.

"शेवटचा तिसऱ्या क्वार्टरमध्ये घेतलास," बाई म्हणाल्या. "शिडीच्या बुटाची नाडी तुटली तेव्हा. नाडीसाठी टाइमआउट घालवतात का गं?"

"तुम्ही मोजत होतात?"

"पहिल्या सामन्यापासून. मला वाटलं, कधीतरी बघशील."

आता नाही तर कधीच नाही, म्हणून बोलले. "बाई, त्या दिवशी ऑफिसात मी सरांना..."

"माहीत आहे. पत्रातच होतं, टाइमआउट मोजता येत नाहीत म्हणून. ते तुझ्याशिवाय माहीत कुणाला होतं?"

म्हणजे त्या सगळं जाणून येत होत्या. दोन बसगाड्या बदलून, गुडघा दुखत असताना, दर सामन्याला. मी रडायला लागले, अगदी लहान मुलीसारखी हुंदके देत. बाईंनी मला रडू दिलं. पाठीवर हात ठेवला नाही.

मग म्हणाल्या, "मोजायला काय, मलाही येतं. पण बसून येतं. उभं राहून नाही येत कुणालाच. तुला आज कळलं."

"मला माफ करा, बाई."

खाली मैदानावर कुणीतरी एकेक दिवा बंद करत होतं. "जा, आधी मुंगीकडे जा," त्या शेवटी म्हणाल्या. "तिला वाटत असेल तिच्यामुळे हरलो. ते आयुष्यभर वाटत राहतं. आणि मला खाली उतरव, हा गुडघा माझं ऐकत नाही."

मी उठून हात पुढे केला. त्यांनी त्यांचा हात दिला, पण बोटं सांध्यांत आखडली होती. तिसऱ्या क्वार्टरपासून मूठ धरून बसल्या होत्या. माझ्या हातात त्यांचं एकेक बोट मी सोडवलं, आणि आम्ही पायऱ्या उतरू लागलो.