बटणचं माप

दारावर पाटी होती: लहान मुलींचे फ्रॉक शिवून मिळतील. आत शिलाई मशीन, कापडाचे गठ्ठे, शिवणारी आई आणि तिची अकरा वर्षांची मुलगी. मुलीला सगळे बटण म्हणत. चार वर्षांची असताना तिने डब्यातलं एक मोत्यासारखं बटण नाकात घातलं आणि ते काढता काढता डॉक्टरांच्या नाकी नऊ आले. नाव तेव्हा चिकटलं ते कायमचंच.

त्या शनिवारी सकाळी आई गिऱ्हाइकाचं काम बाजूला ठेवून लेकीसाठी फ्रॉक बेतायला बसली होती. गळ्यातली टेप काढून तिने हाक मारली.

बटण आली, पण दारातच थांबली. दोन्ही हात पोटाशी घट्ट.

"जुन्याच मापाचा शिव ना."

"अगं, चार बोटं वाढलीस तू. ये, खांदा घेऊ दे."

"टेप नको लावूस."

"का? टेपला दात फुटलेत का?" आई हसली आणि तिने टेप खांद्याला टेकवली. मुलगी इतकी दचकून मागे सरली, की टाचण्यांची डबी खाली सांडली. टाचण्या वेचता वेचता आईचा हात थांबला. बटण रडत नव्हती. ती टेबलावरच्या फोनकडे बघत होती.

तो फोन दुकानाचा. नवा फ्रॉक झाला की तो बटणच्या अंगावर चढायचा आणि तिचा फोटो दुकानाच्या ऑनलाइन पानावर जायचा. कल्पना आईचीच. हँगरवर फ्रॉक मेल्यासारखा लटकतो, लेकीच्या अंगावर तो हसतो, असं ती कौतुकाने सांगायची. त्या फोटोंवरूनच तीन महिन्यांपूर्वी 'मॅडम' आल्या होत्या. फोटोत कडेवर बाळ, बोलणं साखरेचं. माझी लेक अगदी तुमच्या बटणएवढी आहे, तिचीच मापं धरा आणि मलाही कळवा, असं त्यांनी लिहिलं. आईने उंची, खांदा, कंबर, सगळं एकाखाली एक सुबक लिहून पाठवलं होतं. पुढे मॅडम म्हणाल्या, तुम्ही मशीनवर असता, तुमचा हात कशाला अडवू? लेस आणि रंगाचं मी मुलीशीच बोलते. आईला हायसं वाटलं होतं. तिनेच फोन लेकीच्या हातात दिला होता आणि मॅडमचं बोलणं पुन्हा उघडूनही पाहिलं नव्हतं.

आता सांडलेल्या टाचण्यांत बसून ती वाचू लागली.

आधी खरंच लेसचं बोलणं होतं. मग गोड मुलगी, हुशार मुलगी. मग फ्रॉक घालून एक फोटो, मागून एक फोटो. मग हे आपलं गुपित. मग असले फोटो मागितले होते, की आईने फोन जमिनीवर उपडा ठेवला आणि तोंडावर पदर धरला. थोड्या वेळाने तिने फोन पुन्हा उचलला, कारण बटणने काय उत्तर दिलं ते बघणं भाग होतं.

बटणने उत्तरं दिली होती. फोनला चार्ज नाही. कॅमेरा बिघडलाय. आई इथेच बसलीय. मला ताप आहे. अकरा दिवस ती रोज एक नवी थाप मारत होती आणि समोरून रोज नवी धमकी येत होती. शेवटी एक आवाजी निरोप होता. तो बाईचा आवाज नव्हता. जाडसर, निवांत पुरुषी आवाज, जेवून ढेकर दिल्यावर येतो तसा. तो म्हणत होता, आईला सांगितलंस तर ती तुलाच झोडपेल. आणि जाता जाता हसून, तुझ्या आईने मापं मात्र अगदी बरोबर पाठवली हं.

आईने उठून हात धुतले. पुन्हा धुतले. साबण संपत आला, पण बोटांवरचं ते तुपकट काहीतरी जाईना. ज्या बोटांनी लेकीची झबली शिवली, त्याच बोटांनी लेकीचं माप त्या घाणेरड्या माणसाच्या ताटात वाढलं होतं.

ती परत येऊन बटणसमोर बसली. "मला का नाही सांगितलंस, राणी?"

बटण फ्रॉकच्या कापडाचं टोक पिळत होती. "तूच म्हणाली होतीस, गिऱ्हाइकाशी उलट बोलायचं नाही."

आईने लेकीला मांडीवर ओढून घेतलं, अकरा वर्षांची लांब तंगड्यांची मुलगी, आणि एवढंच म्हणाली, की चुकलं ते माझं, तुझं काहीच नाही. मग बटण रडली.

लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून बाबांना बोलावून घेतलं. सासूबाई आतल्या खोलीतून आल्याच होत्या. बाबांनी दोन निरोप वाचले आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. सासूबाईंनी विचारलं, बोभाटा करून काय मिळणार? अशा गोष्टीत नाव पोरीचंच निघतं, त्या मेल्याचं नाव तर कुणाला ठाऊकही नाही. फोन काढून घ्या, शाळेतून थेट घरी आणा, गप्प बसा. चांगल्या घरात असंच करतात, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. त्यांना आयुष्यभर हेच शिकवलं होतं.

"पुसून टाकतो सगळं," बाबा म्हणाले. "नंबर बंद करतो. विषय संपला." त्यांचा अंगठा पडद्यावर गेलासुद्धा.

आईने मनगट धरलं. "पुसायचं नाही."

"मला बघवत नाही गं हे."

"मलाही नाही. पण या भिंतीपलीकडे मी मशीन मारत होते आणि ही एकटी त्याला थोपवत होती. तुम्ही पुसलंत तर त्याची घाण नाही पुसली जाणार. हिची साक्ष पुसली जाईल."

"आणि लोक?" सासूबाई म्हणाल्या.

"लोकांना मी सांगेन, आई. मीच," बटणची आई सासूबाईंना म्हणाली.

अंगठा बाजूला झाला. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं आणि त्यांचे खांदे हलू लागले.

दुपारी आई, बाबा आणि बटण पोलीस चौकीत गेली. टेबलामागच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, निरोप आहेत की पुसले? आहेत म्हटल्यावर त्यांनी मान वर केली. बहुतेक घरं पुसूनच येतात, त्या म्हणाल्या, नाहीतर येतच नाहीत. मग बटणला शेजारची खुर्ची देऊन, तिला हवं तेवढंच, हवं तेव्हाच सांगायला लावलं. पानावरचे फोटो आणि निरोप सगळं नोंदवून घेतलं.

घरी आल्यावर आईने पानावरून लेकीचा एक एक फोटो उतरवला. फ्रॉक पुन्हा हँगरवर गेले. मग जिच्या जिच्या मुलीला तिने शिवून दिलं होतं, त्या प्रत्येकीला तिने लिहिलं. मॅडम कोण निघाल्या ते लिहिलं आणि मापं मीच दिली होती तेही लिहिलं. ते वाक्य तिने तीनदा खोडलं, चौथ्यांदा ठेवलं. खाली लिहिलं: मुलीला रागावू नका, तिला विचारा.

कुणी हळहळलं, कुणी काहीच बोललं नाही. एकीने शिवायला दिलेलं कापड परत मागितलं. आणि पलीकडच्या गल्लीतल्या एका आईचं उत्तर आलं. या मशीनवर तिच्या लेकीचे तीन फ्रॉक झाले होते.

"हीच मॅडम आमच्याकडेही होती. चार महिन्यांपूर्वी. आम्ही पुसून टाकलं. ह्यांनी कुणाला सांगू नको म्हटलं."

चार महिने. बटणकडे ती मॅडम तीन महिन्यांपूर्वी आली होती.

आई त्या दोन आकड्यांकडे बघत राहिली. तिची पहिली सणक त्या बाईला जाब विचारण्याची होती. एक शब्द बोलली असतीस तर! तिने तसं लिहिलंही. मग बाबांच्या अंगठ्याची आठवण झाली, तो पडद्याच्या किती जवळ गेला होता. तिने ते वाक्य खोडलं.

बटण मागून वाचत होती. "आई, त्या मुलीला कुणी विचारलं का?"

आईने उत्तर लिहिलं: उद्या सकाळी लेकीला घेऊन ये. पुसलं असलं तरी ये. आपण सोबत चौकीत जाऊ.