उजव्या हाताचे वेढे

“आता तिसरी लाव. जाडवाली,” गिरधर म्हणाला.

रूपाने दुसऱ्या कॉइलच्या तारा सोडवल्या. ती धुळ्याला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. बारावीच्या प्रात्यक्षिकासाठी तिला तीन कॉइल हव्या होत्या. एकीचे वेढे विरळ, दुसरीचे तेवढेच पण खेटून, तिसरीचे खेटून आणि दोन थरांचे. बाजारात मिळाल्या असत्या. तिने त्या वडिलांकडे, गिरधरकडे मागितल्या.

नशिराबादला हायवेवर गिरधरचं मोटार वाइंडिंगचं, पाण्याच्या जळालेल्या मोटारींत तांब्याची तार नव्याने भरायचं दुकान होतं. दिवाळीच्या आधी त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, उजवा हात लुळाच राहिला. तेव्हापासून शटर खालीच होतं. शेजारच्या हार्डवेअरवाल्या लालचंदला ती जागा गोदामासाठी हवी होती आणि आज तो उत्तर घ्यायला येणार होता. कॉइल जमल्या तर दुकान उघडायचं, नाही तर त्याला देऊन टाकायचं, असं गिरधरने घरात सांगून टाकलं होतं.

“सकायपासून नवरदेवावानी बसले हायेत,” रूपाची आई लताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “दाढी काय, धुतलेला सदरा काय. कॉइलचं लगीन लावता का आज?”

“तू अक्षता घेऊन ये,” गिरधर म्हणाला.

आतापर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे झालं होतं. तिन्ही वेळा प्रवाह सारखाच ठेवायचा, कॉइलच्या तोंडाशी मोबाइल धरायचा आणि त्यावरचा चुंबकत्वाचा आकडा बघायचा. विरळ कॉइलचा आकडा लहान आला, खेटलेलीचा त्याहून मोठा. तिसरीचा सर्वांत मोठा यायला हवा. दिसायलाही तीच सर्वांत देखणी होती. नळीवर तांब्याचा वेढा वेढ्याला असा बसला होता की मध्ये नख गेलं नसतं.

रूपाने तारा जोडल्या. आकडा हलला नाही.

तिने जोडण्या पाहिल्या. मीटरचा काटा प्रवाह दाखवत होता. मग तिने पिशवीतून होकायंत्र काढून कॉइलजवळ ठेवलं. सुई उत्तरेकडेच राहिली. काय झालं असणार ते तिला कळलं, आणि तिने मान वर केली नाही.

“काय झालं वं? तोंड काहून उतरलं तुझं?”

“मोबाइलच बिघडला वाटतं, नाना.”

“आत्ता पहिल्या दोन कॉइलच्या वक्ती तर बरा होता.” त्याने हात पुढे केला. “आन इकडे.”

त्याने कॉइल मांडीवर घेतली आणि जिथे पहिला थर संपून दुसरा सुरू होत होता, तिथली सुती पट्टी अंगठ्याने सोडली. पट्टीखाली तार केसातल्या पिनेसारखी माघारी वळली होती. तो बघत राहिला.

“उलटा गेला,” तो म्हणाला.

“काय उलटं गेलं?” लताबाई हात पुसत बाहेर आल्या.

“माय, खालचा थर एका अंगाने फिरलाय, वरचा दुसऱ्या,” रूपा म्हणाली. “दोघं एकमेकांचं चुंबकत्व खोडून टाकतात.” मग हळूच वडिलांना विचारलं, “नाना, असं कसं झालं?”

गिरधरने तारेच्या वळणावरून अंगठा फिरवला.

“सारं काम डाव्यानंच केलं. हा वरचा थर घ्याच्या वक्ती म्हटलं, उजवा काय करतो ते तर पाहू. अन् चालला ना तो! एवढा खुश झालो का नळी कोन्या अंगानं धरली, तेच पाह्यलं नाही.”

“उजव्यानं?” लताबाई खालीच बसल्या. “अन् मले नाही सांगितलं?”

“आज सांगणार होतो. कॉइल चालल्यावर.”

रूपाने कॉइल पुन्हा जोडून मोबाइल त्याच्यासमोर धरला.

“हे बघा नाना. वरच्या थरात वेढे कमी पडले असते, ढिले बसले असते, तर खालच्याचं काहीतरी उरलं असतं. काहीच उरलं नाही. तुमचा उजवा हात डाव्याच्या बरोबरीला आलाय.”

“मास्तरीणबाईनं नापास करता करता पास केलं,” गिरधर हसला. लताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग तो हसायचा थांबला. “पण ही कोणाची मोटार असती तर? केळीले पाणी द्याच्या वक्ती जळाली असती.”

“एकदाच चुकलं ना.”

“चुकलं त्याचं काही नाही वं. चुकलं ते मले समजलं नाही.”

रूपाने मोबाइल खाली ठेवला.

“गिरधरभाऊ, आहे का घरी?” दारातून लालचंदचा आवाज आला.

“या शेठ. जागा तुमची झाली. येत्या महिन्यात मोकळी करून देतो.”

लालचंद चप्पल काढता काढता थांबला. त्याने तिघांकडे पाहिलं. “सोचून सांगा भाऊ. मला घाई नाही.”

“सोचलं. बसा, चहा घ्या.”

लताबाई आत गेल्या. लालचंद खुर्चीच्या कडेवर टेकला. गिरधरने कॉइल रूपाकडे दिली.

“वरचा थर उकल. परत घेतो. उद्या पोरांना काय दाखवशील?”

रूपाने तार उकलली. त्याने नळी डाव्या हातात घेतली, तारेचं टोक उजव्या चिमटीत धरलं, आणि थांबला.

“असंच ना?”

रूपाने खालच्या थरावर बोट फिरवून दिशा पाहिली. “असंच, नाना.”

पहिला वेढा गच्च बसला. दुसरा घेण्याआधी तो पुन्हा थांबला आणि त्याने पुन्हा विचारलं.