बांधाकडची कबर

लासुर्ण्याच्या आमच्या दफनभूमीला आता तारेचं कुंपण आहे. तेव्हा काहीच नव्हतं. एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला सर्जेराव तात्यांचा ऊस, आणि मधे बांध. तो बांध तात्या दर नांगरटीला थोडा कोरायचे. बांध कोरणारी माणसं आमच्या भागात नवी नाहीत. पण जित्याचा बांध कोरला तर जिता कुऱ्हाड घेऊन येतो. आमची माणसं कुठून येणार?

चौऱ्याण्णव साल असेल. माझ्या मालकांची, शांतवनांची, कबर बांधाकडची, शेवटची. ईस्टरच्या आदल्या दिवशी चुना द्यायला गेले, तर एका बाजूच्या विटाच नाहीत. तिथं सरी काढलेली, सरीत पाणी, आणि उसाला हातभर पानं फुटलेली. माझ्या नवऱ्याच्या पायाशी.

तशीच पाळकसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, आपल्याला क्षमा करायची शिकवण आहे."

"मागितलीय कुणी?" मी विचारलं.

पाळकसाहेब माणूस चांगला. पण दुसऱ्याच्या कबरीवर उभं राहून क्षमा करणं सोपं असतं.

चर्चच्या मंडळीतले तरणे म्हणाले, ऊस उपटून टाकू. मी नको म्हटलं. ज्याचं चुकलं त्याला आधी एकट्याला गाठून सांगावं, हे मीच रविवारच्या शाळेत पोरांना शिकवत आले होते. आता माघार कशी घेणार?

सोमवारी गेले, तर तात्यांच्या ओसरीवर सतरंजी अंथरलेली. त्यांच्या राजेश्वरीला बघायला निमगाव केतकीचे पाहुणे आलेले. मी परतच फिरणार होते. पण तात्यांनी मला पाहिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत पाहुण्यांना म्हणाले, "ह्या चर्चच्या बाई. वर्गणीला आल्या असतील. लई फिरत्यात ही मानसं."

पाहुणे हसले. माझ्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं.

मुलाचे वडील म्हणाले, "सांगा की बाई, काय काम काढलं?"

काम एका वाक्याचं होतं. यांनी माझ्या नवऱ्याच्या कबरीवर ऊस लावलाय. मेलेल्याची जागा खाणाऱ्या घराशी सोयरीक कोण करतंय? पोह्याच्या बशा तिथंच ठेवून सगळे उठले असते. तात्यांनाही ते कळलं होतं. मिशीवरून फिरणारा हात मधेच थांबला. वाक्य जिभेवर होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. म्हणून तर ते गिळणं जड जात होतं.

तेवढ्यात राजेश्वरी चहा घेऊन आली. गावच्या शाळेत तिसरीला ती माझ्या वर्गात होती. पाढे चुकले की माझा पदर धरून उभी राहायची. तिनं कुणाचा बांध कोरला होता?

"वर्गणी नको," मी म्हटलं. "पोरगी माझ्या हाताखाली शिकली. गुणाची आहे, एवढंच सांगायला आले."

तात्या दारापर्यंत मागं आले. मी हळू आवाजात म्हटलं, "उद्या सकाळी मी कबरीपाशी थांबते. ऊस तुम्ही काढा, नाहीतर सरकारी मोजणी मागवते." क्षमा करायची म्हणजे जागा सोडायची, असं मला कुणी शिकवलेलं नाही.

ऊस निघाला. बांध जुन्या जागी गेला. तात्यांच्या तोंडून 'चुकलं' एवढा शब्द निघाला नाही. राजेश्वरीचं लग्न मात्र त्याच घरात झालं.

आणि नाताळच्या कार्यक्रमात पाळकसाहेबांनी जाहीर केलं, की सर्जेराव तात्यांनी मोठ्या मनानं दफनभूमीला जागा दिली, म्हणून मंडळीतर्फे त्यांचा सत्कार. तात्या गावभर तसंच सांगत सुटले होते, आणि माझ्याकडून सगळं ऐकलेलं असूनही वाद नको म्हणून पाळकसाहेबांनी ते खरं धरलं. शाल आणि श्रीफळ माझ्या हातात दिलं, कारण मंडळीत मी वयानं वडील. टाळ्या सुरू झाल्या. शाल तिथंच टाकून निघून जावं असं वाटत होतं. पण पुढच्या बाकावर राजेश्वरी बसली होती, शेजारी तिचा नवरा.

मी शाल तात्यांच्या खांद्यावर घातली आणि कानाशी म्हटलं, "जागा आमचीच होती, तात्या."

"व्हय, ठावं हाय," फोटोवाल्याकडं बघत ते पुटपुटले. "जावई बसलाय म्होरं. बोलू नका, बाई."

"आजवर बोलले का?" मी म्हटलं, आणि नारळ त्यांच्या हातावर जरा जोरातच ठेवला.