पोरीच्या वहाणा

आम्रपालीनं काढलेलं चित्र प्रदर्शनाच्या हॉलमध्ये भिंतभर होतं आणि तिला त्याचा रास्त अभिमान होता. साल दोन हजार चार. आठवडाभर कंपनीत बसून दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या आणि शनिवार-रविवार कोथरूडच्या फ्लॅटमध्ये रंग कालवायचे. लोक म्हणायचे, आयटीतली मुलगी, हिला कशाला हव्यात नसत्या उठाठेवी? म्हणोत बापडे.

चित्र पिंपरड्याचं होतं, तिच्या आजोबांच्या गावचं. तिथं महारवाड्यातल्या माणसानं पाटील आळीतून जाताना वहाणा काढून हातात घ्यायच्या, असा रिवाज. दुसऱ्या महायुद्धावरून आजोबा, दत्तोबा, परतले ते लष्करी बूट घालून, आणि भर दुपारी त्याच आळीतून खाडखाड चालत गेले. वेशीवर त्यांना आणायला गेलेली आठ वर्षांची लेक, विजयमाला, मागून सवयीनं वहाणा हातात धरून. चावडीपाशी दत्तोबा वळले आणि एकच शब्द बोलले, "घाल." चावडीवरच्या एकानंही अडवलं नाही. लढाईवरून महारवाड्यातले बाकीचे परतले, तेही बुटातच फिरू लागले, आणि बघता बघता तो रिवाज मेला. बरं झालं मेला.

हे सगळं विजयमाला आत्यानंच सांगितलेलं. समीक्षक गेले खड्ड्यात. आत्यानं "असंच होतं" म्हटलं तरच चित्र खरं, असं आम्रपालीनं ठरवून टाकलं होतं.

प्रदर्शनाला आत्या बिबवेवाडीहून रिक्षानं आली. हॉलच्या दाराशी पाटी: 'चपला बाहेर काढाव्यात. दोनदा सांगितले जाणार नाही.' बाकीच्यांनी चपला स्टँडवर ठेवल्या होत्या. आत्यानं मात्र काढल्या, उचलून हातात घेतल्या आणि अंग चोरून भिंतीकडेनं चालू लागली. निवृत्त मुख्याध्यापिका, बरं का, भल्याभल्यांना ओळीत उभी करणारी बाई! आम्रपालीला संताप आला.

तिनं आत्याच्या हातातल्या चपला घेतल्या आणि वाकून तिच्या पायांपुढं ठेवल्या. "घाल, आत्या."

"अहो, पाटी वाचता येते ना?" टेबलामागून व्यवस्थापक श्यामसुंदर म्हणाले.

"येते. आपण चित्र वाचलंत का?"

त्यांनी चष्मा सारखा करून बघितलं. आळी, बूट, मागं वहाणा हातात घेतलेली पोर. मग त्यांची नजर आत्याकडे गेली.

"या, बाई," ते म्हणाले. "फरशी पुसता येते."

आत्या चपला घालून हॉलच्या मधोमध चालत गेली आणि चित्रापुढं उभी राहिली. आम्रपालीचा जीव टांगणीला लागला.

"चुकलंय," आत्या म्हणाली.

"काय चुकलं?"

"पोरीच्या वहाणा अजून हातातच आहेत. दादा 'घाल' म्हणाले आणि मी घातल्या. उरलेली आळी मी वहाणा घालून चालले, आम्रपाली. ते कुठंय?"

दुसऱ्यांच्या चुका काढणं हा आम्रपालीचा धंदा, आणि ही तिला वर्षभर दिसली नव्हती.

"रंग गाडीत आहेत," ती म्हणाली. "उद्या येशील तेव्हा पायात असतील."

"उद्या नाही," आत्या म्हणाली. "आत्ता. मी थांबते."

आम्रपाली गाडीकडे निघाली.