मागून आणलेला गाळ

फक्रुद्दीननानांचा नवाब हा ऑस्कर मासा इतका वाढला होता, की जुन्या टाकीत त्याला धड वळताही येईना. तेव्हा नात मेहकनं मोठी टाकी आणवली. नानांचा जीव त्या माशात गुंतलेला. रसायनशास्त्राची पदवी घेतलेली मेहक म्हणाली, "नाना, बिनघोर राहा. जबाबदारी माझी."

"त्याला कायबी झालं न्हाय पायजे, बघ," नाना म्हणाले.

तिनं काही कमी ठेवलं नाही. पाणी पिंपात साठवून क्लोरीन उडून जाऊ दिला, दोन्ही पाण्यांची ऊब जुळवली. जुन्या फिल्टरचा काळपट स्पंज जुन्या टाकीच्याच पाण्यात, बादलीत ठेवला. माशाच्या विष्ठेतून विषारी अमोनिया होतो. तो पचवणारे जिवाणू त्या स्पंजात वाढलेले होते. नवाबला नव्या टाकीत सोडलं आणि स्पंज बसवायचं अम्मीला सांगून ती राजारामपुरीत क्लासवर शिकवायला गेली.

दोन दिवसांनी नवाब पाण्यावर तोंड काढून धापा टाकू लागला. मेहकनं परीक्षानळीत पाणी घेऊन अमोनिया तपासायच्या औषधाचे थेंब टाकले. पिवळं राहायचं ते पाणी हिरवंगार झालं. तिनं फिल्टर उघडला. स्पंज नव्यासारखा लख्ख!

"अम्मी, हा धुतलास?"

"मग? तसली घाण घालू व्हय नव्या टाकीत?" शबनम म्हणाली. "उकळतं पाणी ओतलं, गच्चीवर ऊन दाखवलं. जुनी टाकीबी घासून ठेवलीया." भांडी पुसायच्या फडक्यांचंही ती असंच करायची.

मेहकनं राग गिळला. स्पंज बादलीत का ठेवलाय, हे तिनं अम्मीला सांगितलंच कुठं होतं?

तिनं निम्मं पाणी बदललं. त्यानं वेळ निभणार होती, पण जिवाणू कुठून आणायचे? नाना टाकीला नाक लावून बसले होते.

गल्लीच्या तोंडाशी विजयसिंहांची खानावळ होती. गल्ल्यामागं त्यांचीही टाकी. मेहकनं आधी तिथल्या माशांचे कल्ले, पंख निरखले. रोग घरी न्यायचा नव्हता. मासे तरतरीत होते.

"दादा, तुमच्या फिल्टरचा थोडा स्पंज द्याल? न धुतलेला."

विजयसिंहांच्या हातातला डाव थांबला. "माझी टाकी घाण हाय म्हणतीस, गिऱ्हाइकांदेखत?"

"घाणच पाहिजे, दादा. तुमचे मासे तिच्यावरच तगलेत."

"द्या की मालक, एक घाण पार्सल!" कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. विजयसिंहही.

"लोकं रस्सा मागत्यात. घाण मागणारं पावणं पैलंच," असं म्हणत त्यांनी अर्धा स्पंज कापून, टाकीच्या पाण्यासकट डब्यात दिला.

दारातच शबनमनं नाक मुरडलं. "हे टाकीत घालणार?"

या वेळी मेहक समजवायला खाली बसली. "अम्मी, विरजण कधी उकळून लावतेस का गं?"

शबनम डब्यात बघत राहिली. मग तिनं बाह्या सारल्या, स्पंज उचलला आणि स्वतःच्या हातानं नव्या टाकीत पिळला. काळा गाळ पसरला. उरलेला स्पंज तिनं फिल्टरमध्ये बसवला.

"अगं, नवाब दिसंनाच की," नाना घाबरून म्हणाले.

"दिसेल," मेहक म्हणाली. खात्री तिलाही नव्हती.

ती रोज थोडं पाणी बदलत राहिली, थेंब टाकून रंग बघत राहिली. हिरवा फिका होत होत एकदाचा पिवळ्यावर आला. त्या दिवशी नवाबनं नानांच्या बोटांतला दाणा उडी मारून हिसकावला.

नानांनी ओला हात सदऱ्याला पुसला. "आता जरा लांबवर फिरून ये की, लेका," ते माशाला म्हणाले.